हातपालट

धुमेलगढ
१६ ऑक्टोबर १९४८

तीर्थस्वरूप दादांस,
कुमुदिनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

दसरा झाला आणि मी अजून धुमेलगढलाच आहे. ठरल्याप्रमाणे पडावाच्या अड्ड्यावर मोटारीची वाट बघत उभे राहिला असाल, तर बहिणीवर रागावू नका. माझी ट्रंक खंडेनवमीलाच भरून झाली होती. लोणच्याच्या बरण्या शेजारच्या मंदाताईंना देऊन टाकल्या होत्या, तुळस देवीच्या देवळात नेऊन ठेवली होती. आता ट्रंक उघडायची, तुळस परत आणायची आणि बरण्या परत मागायच्या. त्यातली बरण्यांचीच मला जास्त लाज वाटते.

इथली रीत तुम्हाला पुरती ठाऊक नसेल म्हणून लिहिते. गडाच्या दरवाज्यावर लष्करहून, ग्वाल्हेर संस्थानच्या पलटणीतला एक माणूस नेमलेला असतो, आणि दर तीन वर्षांनी दसऱ्याला त्याच्या जागी नवा येतो. तो शमीची पानं घेऊन दरवाज्याबाहेर उभा राहतो आणि आपलं नाव सांगतो. जुना आतून विचारतो, उतरणार कधी? नवा म्हणतो, माझ्यामागून येईल तेव्हा. मग दोघं मिळून कुलपावर हात ठेवतात, ते एकदा लावतात, एकदा उघडतात, आणि जुना आपला हात काढून घेतो. याला इथे हातपालट म्हणतात. ती झाल्याशिवाय दरवाज्याचा माणूस एक रात्रसुद्धा गडाखाली काढत नाही. फार पूर्वी एकजण लेकीच्या लग्नासाठी किल्ली खुंटीला टांगून उतरला, आणि त्याच रात्री पेंढारी वर चढले. सगळा बाजार जळाला. ते काळे पडलेले दगड अजून लोक दाखवतात आणि बाया मुलांना जेवू घालताना ती गोष्ट सांगतात.

तर हे दसऱ्याला सकाळपासून फेटा बांधून दरवाज्यात उभे. जेवायलाही आत आले नाहीत. मी दोनदा जाऊन खालची वाट बघून आले. गवळी चढले, सरपणाच्या मोळ्या चढल्या, एक वरातही चढली. लष्करचा माणूस काही दिसला नाही. सूर्य बुडाल्यावर ह्यांनी दरवाजा लावला, घरी आले, फेटा सोडला आणि म्हणाले, "वाटेत काही अडचण आली असेल." तेवढंच.

मला तीन वर्षांचं सांगून इथे आणलं होतं, दादा. गाव वाईट नाही. एक रस्ता, एक तलाव, मंगळवारचा बाजार. जंगलातल्या सहरिया बायका मध, डिंक आणि आवळे घेऊन येतात आणि माझ्या मराठी-हिंदीला पोटभर हसतात. पण दिवस मावळला की दरवाजा लागतो, आणि मग डब्याला झाकण लावल्यासारखं होतं. मला माहेरच्या गल्लीचा, आपल्या दाना ओलीचा गोंगाट हवा आहे. पलटणीच्या कचेरीत जाऊन विचारा, माणूस का आला नाही. वाट बघते.

आपली,
कुमुद


लष्कर, दाना ओली
२१ नोव्हेंबर १९४८

चि. सौ. कुमुदिनी हिस,
अनेक आशीर्वाद.

पडावावर उभा होतो बरं का. मोटार रिकामी झाली, कंडक्टर आत झाडू मारायला लागला, तरी मी उभाच. शेवटी त्यानं विचारलं, "बाबूजी, सवारी छूट गई क्या?" घरी आलो तर तुझ्या वहिनीनं तुझ्यासाठी श्रीखंड करून ठेवलं होतं. ते आम्ही दुःखानं खाल्लं.

पलटणीच्या कचेरीत गेलो. तिथे कोणालाच काही ठाऊक नाही. संस्थान मध्यभारतात विलीन झाल्यापासून कोणती पलटण राहणार आणि कोणती मोडणार, हाच घोळ चालला आहे. धुमेलगढचं नाव काढल्यावर एक हवालदार म्हणाला, तिथे अजून माणूस असतो का? मी म्हटलं, माझा मेहुणा असतो. आमच्या सरकारी कचेरीचीही तीच गत. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदुरला, त्यामुळे अर्धं वर्ष फायली बांधण्यात जातं आणि अर्धं सोडण्यात.

एवढं मनाला लावून घेऊ नकोस. तीन वर्षं काढलीस, आणखी एक निघेल. तुझी वहिनी विजया तर म्हणते, कुमुदच्या नशिबी डोंगराची हवा आहे आणि आमच्या नशिबी गटाराची. फारच कंटाळा आला तर सूर्याजीरावांना म्हणावं, किल्ली तहसिलीच्या चपराशाच्या हाती द्या आणि मोटारीत बसा. हाय काय अन् नाय काय.

तुझा,
रमाकांत


धुमेलगढ
९ मार्च १९५२

तीर्थस्वरूप दादांस,
सा. नमस्कार.

पलटण मोडली, हे तुमच्या दिवाळीच्या पत्रातून कळलं. मी ते ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, पलटण मोडली तरी माणसं कुठे मोडली, कोणीतरी येईलच. ज्या घरातून माणूस यायचा ते घरच राहिलं नाही, हे ह्यांना कसं सांगायचं? दर दसऱ्याला फेटा, दर दसऱ्याला माझी ट्रंक. मंदाताई आता बरण्या न मागता दुसऱ्या दिवशी परत आणून देतात.

पण खरी गंमत पुढेच आहे. सरकारनं वरपर्यंत मोटारीचा रस्ता केला. जुनी वाट अरुंद, म्हणून सुरुंग लावून तळ्याकडची तटबंदी फोडली. इतकं मोठं भगदाड, की मोटार वळवायलाही जागा आहे. आता सगळं गाव तिकडून जातं येतं. बाजारही तिकडेच सरकला. आणि हे अजून दिवस मावळला की मोठा दरवाजा लावतात, अडसर घालतात, कुलूप लावतात आणि ओढून बघतात. पलीकडे दोनशे पावलांवर मोटार भोंगा वाजवत आत येत असते.

पहिल्यांदा मला हसू आलं. मग मी भांडले. म्हटलं, कोणापासून राखता आहात गाव? भिंत कुठे आहे? हे म्हणाले, भिंत माझ्याकडे नाही, दरवाजा माझ्याकडे आहे.

गाव ह्यांना हसत नाही, हेही सांगते. म्हातारे लोक मुद्दाम दरवाज्यातून फिरून जातात. नवरा-नवरी तर पहिल्यांदा दरवाज्यातूनच आत येतात, मोटार भगदाडापाशी सोडून. त्यानं ह्यांना आणखी बळ येतं, आणि माझं बळ तेवढंच कमी होतं.

एक गोष्ट अजून कोणाला बोलले नाही. हे अलीकडे कुलपाचं भोक बोटानं चाचपून शोधतात. कंदिलाभोवती रंगीत कडं दिसतं का, असं मला परवा विचारलं. मी म्हटलं, नाही. हे म्हणाले, मलाही नाही दिसत. दादा, ह्यांना दिसत असणार.

आपली,
कुमुद


लष्कर
१२ फेब्रुवारी १९५५

चि. सौ. कुमुदिनी हिस,
आशीर्वाद.

पेढे वाट. सोबत सरकारी हुकूम पाठवतो आहे. धुमेलगढच्या दरवाज्याची जागा रद्द झाली, सूर्याजीरावांची पेन्शन लागली. हा कागद काढायला मी किती टेबलांवर किती पान-सुपारी केली ते भेटल्यावर सांगेन. खाली सही, वर शिक्का, जावक क्रमांकसुद्धा आहे. आता तुमच्या हातपालटीला कोणाची गरज उरली नाही. ट्रंक भर, आणि या वेळी बरण्या घेऊनच ये, विजयाला तुझं लिंबाचं लोणचं हवं आहे.

तुझा,
रमाकांत


धुमेलगढ
३ मे १९५५

तीर्थस्वरूप दादांस,
सा. नमस्कार.

तुमचा हुकूम मी ह्यांना तीनदा वाचून दाखवला. ह्यांनी तो हातात घेतला, शिक्क्यावरून बोट फिरवलं, डोक्याला लावला आणि देवाजवळ ठेवला. मला वाटलं, सुटले. मी तिथेच खाली बसून रडले. मग हे म्हणाले, "जागा रद्द झाली, हे लिहिलंय. किल्ली कोणी घ्यायची, हे कुठं लिहिलंय?"

मी म्हटलं, कोणीच नाही घ्यायची. हे म्हणाले, तसं कधी झालं नाही. झालं तेव्हा बाजार जळाला.

ह्यांचा राग येतो. मग संध्याकाळी हे चाचपत दरवाज्याकडे जायला निघतात, आणि राग कुठे ठेवू हे कळत नाही.

आता जे लिहिते ते नीट वाचा. गेल्या आठवड्यात सरकारी दवाखान्याची गाडी आली होती. मी ह्यांना जवळजवळ ओढत नेलं. डॉक्टरांनी फार वेळ तपासलं. काचबिंदू आहे. उजवा डोळा गेल्यात जमा, डाव्याला समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं काही नाही. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू असता तर थांबून चाललं असतं, काचबिंदू थांबत नाही. लष्करला कंपूच्या मोठ्या दवाखान्यात लवकर नेलंत तर हा एक डोळा राहील. नाही तर दोन वर्षांत अंधार.

ह्यांनी सगळं ऐकलं आणि डॉक्टरांना नमस्कार करून म्हणाले, हातपालट झाली की लगेच निघतो.

दादा, मला माणूस द्या. कागद नको.

कुमुद


लष्कर
२ ऑक्टोबर १९५५

चि. सौ. कुमुदिनी हिस,
आशीर्वाद.

माणूस मिळाला. आपल्या गल्लीच्या तोंडाशी शिवाजीराव राहतात ना, बाबांच्या पलटणीतले जुने जमादार, मिशीवाले? त्यांना मी सगळं समजावून सांगितलं. दसऱ्याला ते वर येतील, फेटा बांधून, शमी घेऊन. नाव सांगतील, हात लावतील, किल्ली घेतील. सूर्याजीराव दुसऱ्या दिवशी तुझ्याबरोबर मोटारीत बसले की शिवाजीराव तिसऱ्या दिवशी आपल्या घरी परत. कुलूप गेलं खड्ड्यात.

पहिल्यांदा आमच्या कचेरीतला मधू पाठवणार होतो, तो नाटकात कामं करतो. पण सूर्याजीराव पलटणीतला माणूस चालीवरून ओळखतील, म्हणून मुद्दाम खरा शिपाई निवडला. भाऊ काही अगदीच बावळट नाही. कंपूच्या दवाखान्यातही बोलून ठेवलं आहे. तू चेहऱ्यावर काही दाखवू नकोस म्हणजे झालं.

रमाकांत


धुमेलगढ
३० ऑक्टोबर १९५५

तीर्थस्वरूप दादांस,
सा. नमस्कार.

शिवाजीराव आले आणि गेले. त्यांना दोष देऊ नका.

ऊन उतरताना ते जुन्या वाटेनं चढून आले. मोटारीनं नाही, पायी. ह्यांना दिसलं नसणार, पण पावलांचा आवाज ऐकून हे ताठ झाले. सगळा गाव जमला होता. शिवाजीरावांनी नाव सांगितलं, पलटण सांगितली. ह्यांचा आवाज इतक्या वर्षांत मी तसा ऐकला नव्हता. हे म्हणाले, उतरणार कधी? शिवाजीराव म्हणाले, माझ्यामागून येईल तेव्हा. ह्यांनी कुलपावर हात ठेवला. शिवाजीरावांनी हात उचलला. आणि तो तसाच राहिला, दादा. कुलपापासून वीतभर अंतरावर. मग त्यांनी हात मागे घेतला आणि खाली पायरीवर बसले.

म्हणाले, "खोटा हात नाही लावणार, सूर्याजीराव. लावला तर मला राहावं लागेल, आणि घरी बायको अंथरुणाला खिळलीय."

तुम्ही खरा शिपाई निवडलात, हीच चूक झाली. मधू आला असता तर हसत हात लावून गेला असता, आणि हे कदाचित फसलेही असते.

ह्यांनी त्यांना उठवलं, घरी आणलं. दोघं एका ताटात जेवले. जुन्या कवायती, जुनी घोडी, जुने साहेब काढून हसले. मी वाढत होते आणि मला दोघांच्याही थोबाडीत मारावीशी वाटत होती. सकाळी शिवाजीराव भगदाडाकडून मोटारीनं गेले. दरवाज्यातून जायला त्यांना लाज वाटली.

ट्रंक मी या वेळी उघडलीच नाही. लागेल ते वरच्यावर काढते.

कुमुद


लष्कर
१४ सप्टेंबर १९५६

चि. सौ. कुमुदिनी हिस,
आशीर्वाद.

वर्षभर तुझ्यावर, शिवाजीरावांवर आणि सूर्याजीरावांवर रागावून बसलो होतो. हात लावायला किती वेळ लागतो गं? असो. शिवाजीरावांची बायको गेली. ते आता कोणाशी बोलत नाहीत.

इकडची बातमी. पहिल्या नोव्हेंबरपासून मध्यभारत संपलं, नवा मध्यप्रदेश होणार आणि सगळ्या कचेऱ्या भोपाळला जाणार. मलाही जायचं आहे. लष्कर उतरणीला लागलं, असं पानवालेसुद्धा म्हणतात. विजया आणि मुलं शाळेसाठी इथेच राहतील. मी तर आत्ताच निघालो असतो, भोपाळला खोलीही बघून ठेवली आहे. पण माझ्या टेबलाचा चार्ज घ्यायला जो यायचा तो अजून आलेला नाही, आणि चार्ज दिल्याशिवाय खुर्ची सोडता येत नाही. रोज जाऊन रिकाम्या कपाटांसमोर बसतो.

म्हणून मी इथे आहे तोवर ये. ते येत नसतील तर तू एकटी ये. तू कोणाची चाकर नाहीस. तुझ्या हाताला कुठलंही कुलूप नाही. आम्ही तुझे कोणी आहोत की नाही?

तुझा,
रमाकांत


धुमेलगढ
२० ऑक्टोबर १९५६

तीर्थस्वरूप दादांस,
सा. नमस्कार.

हे तुमच्याकडे सुखरूप पोचले असतील. मंदाताईंचे यजमान सोबत होते. डोळ्यात औषध घालायची बाटली पिशवीच्या तळाशी आहे, वहिनींना सांगा.

कसं झालं, हे ह्यांनी सांगितलं नसेल. मी सांगते.

तुमचं पत्र वाचून मी हसले. चार्ज दिल्याशिवाय खुर्ची सोडता येत नाही, असं तुम्ही लिहिता, आणि ह्यांना हट्टी म्हणता. पण त्याच पत्रानं मला सुचलं. तुमच्या हुकुमात किल्ली कोणी घ्यायची ते लिहिलेलं नव्हतं. कोणी घ्यायची नाही, हेही लिहिलेलं नव्हतं.

दसऱ्याला हे फेटा बांधून उभे राहिले. आता डाव्या डोळ्यानंही माणूस आहे एवढंच कळतं. मी मागच्या दारानं निघाले, भगदाडातून बाहेर पडले, तटाला वळसा घालून खाली उतरले आणि जुन्या वाटेनं वर चढले. अकरा वर्षांपूर्वी इथे आले, त्यानंतर त्या वाटेनं मी पहिल्यांदाच चढत होते. हातात देवळापुढच्या शमीची पानं होती.

ह्यांनी विचारलं, कोण? मी म्हटलं, "संभाजीराव दफेदारांची मुलगी कुमुदिनी. हातपालटीला आलेय."

बाया कुजबुजत होत्या. मला वाटलं, आता रागावतील, नाही तर हसतील. दोन्ही केलं नाही. सरळ उभे राहिले आणि दुसऱ्या कुठल्याही माणसाला विचारलं असतं तसं विचारलं, "उतरणार कधी?"

मी म्हटलं, "माझ्यामागून येईल तेव्हा."

ह्यांनी माझा हात धरून कुलपावर ठेवला आणि वर आपला ठेवला. लावलं, उघडलं. मग आपला हात काढून घेतला. ह्यांचा हात निघाल्यावर कुलूप किती जड आहे ते मला कळलं.

आता तुमच्याजवळ खोटं कशाला बोलू? माझा बेत तुमच्याच जातीचा होता. ह्यांना मोटारीत बसवायचं, दुसऱ्या दिवशी घर बंद करून मागून यायचं. शब्दच तर होते. ह्यांना बसवलं. मोटार सुटताना हे खिडकीतून म्हणाले, अडसर डावीकडून आधी घाल, तो अडतो. मी हो म्हटलं. ट्रंक ओट्यावर आणून ठेवली होती.

त्या संध्याकाळी, एक दिवस तरी लावावा म्हणून दरवाजा लावला. कुलूप ओढून बघितलं. तेवढ्यात खालच्या आळीतली म्हातारी तेलीण आपल्या दारातून ओरडली, "बाईसाब, फाटक लग गओ का?" मी म्हटलं, लग गओ, अम्मा. तिनं आपला दिवा मालवला. मग पलीकडच्या दारातलाही मालवला गेला. दादा, ती रोज विचारत असणार. इतकी वर्षं मी त्या वेळी चुलीपाशी असायची, मला कधी ऐकूच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोटार आली, गेली. मी निघाले नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. शिवाजीरावांचा हात का थांबला होता ते मला आता समजलं, आणि फार उशिरा समजलं.

ह्यांचा डोळा वाचवा. बाकीचं मी बघते.

कुमुद


भोपाळ
६ जुलै १९५७

चि. सौ. कुमुदिनी हिस,
आशीर्वाद.

शेवटी डोळा राहिला. विजयाचं पत्र आलं, डॉक्टरांनी चष्मा दिला आहे आणि सूर्याजीराव दाना ओलीतल्या पाट्या मोठ्यानं वाचत चालतात. इतक्या वर्षांनी मोकळे झाले आहेत, मुलांना कवायत शिकवतात. मात्र दिवस मावळला की बेचैन होतात. ओसरीवर येऊन विचारतात, कुमुदनं दरवाजा लावला असेल ना? विजया म्हणते, असेल. मग जेवतात.

आता एक हट्ट धरून बसले आहेत. म्हणतात, या दसऱ्याला मी वर जातो, हातपालट करून तिला सोडवतो. एका डोळ्यानं दिसतंय, आता मला जमेल. मी कळवलं, ठीक आहे की. मग तू ये. निदान तुझी तरी सुटका.

इथे तलाव मोठा आहे, पण मला अजून कोणी ओळखत नाही.

तुझा,
रमाकांत


धुमेलगढ
१० ऑगस्ट १९५७

तीर्थस्वरूप दादांस,
सा. नमस्कार.

डोळा राहिला हे वाचून मी देवीला नारळ फोडला आणि सगळ्या आळीत खोबरं वाटलं. तेलीण अम्मा म्हणाली, हमारे साब को दिखत है? मी म्हटलं, दिखत है.

पण ह्यांना वर येऊ देऊ नका. हात जोडते. हे आले तर दरवाजा सोडणार नाहीत. मी खाली येईन, हे वर राहतील. मग मला चैन पडणार नाही, मी परत चढेन, हे उतरतील, आणि उरलेला जन्म आम्ही त्या वाटेवर एकमेकांना नमस्कार करत काढू. डॉक्टरांनी दर काही महिन्यांनी दाखवायला सांगितलं आहे, ते इथे कोण करणार? मला सोडवायला यायला एकच माणूस तयार आहे, आणि त्याच्याच हातावरून मी माझा हात काढू शकत नाही.

म्हणून तुम्हाला मागते. जन्मात काही मागितलं नाही असं म्हणणार नाही, पुष्कळ मागितलं. हे शेवटचं. दादा, तुम्हीही संभाजीराव दफेदारांचेच चिरंजीव आहात. या दसऱ्याला तुम्ही या. कुलपावर हात ठेवा. तुमच्याकडून पुढे कोणाकडे जायचं ते बघता येईल, तुम्हाला सरकार ठाऊक आहे, माणसं ठाऊक आहेत. किंवा हात ठेवा आणि मोटारीत बसून निघून जा. तुम्हाला ते जमेल. तुम्ही नेहमी म्हणत आला आहात, की त्यात काही नसतं. मी डोळे मिटून घेईन.

मला खाली यायचं आहे. ह्यांनी पाटी वाचलेली मला ऐकायची आहे.

तुमची,
कुमुद


भोपाळ
२३ सप्टेंबर १९५७

चि. सौ. कुमुदिनी हिस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. नव्या विभागाचा सगळा चार्ज माझ्याकडेच आला आहे, आणि रजा मागायची सोय नाही. निघायचं म्हणून एकदा पिशवी भरलीही होती. मग म्हटलं, दिवाळीनंतर बघू. गुडघाही दुखतो, ती वाट फार चढाची आहे असं तूच लिहितेस. मोटारीनं येऊन हात लावला असता, पण तसं चालणार नाही, असं मनात आलं. का आलं, ते सांगता येत नाही. मीही दफेदारांचाच मुलगा, हे तू लिहायला नको होतंस.

सूर्याजीरावांची काळजी करू नकोस. ते येणार नाहीत. मी त्यांना कळवलं, की या दसऱ्याला तुझी हातपालट ठरली आहे, लष्करहून माणूस नक्की झाला आहे. ऐकून फार शांत झाले. नाव विचारलं तर मी सांगितलं, ओळखीतलाच आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पडावावर तुला घ्यायला जाणार आहेत. विजयानं त्यांच्यासाठी नवा कोट शिवायला टाकला आहे.

थंडी पडायला लागेल. जपून राहा.

तुझा,
रमाकांत


धुमेलगढ
५ ऑक्टोबर १९५७

तीर्थस्वरूप दादांस,
सा. नमस्कार.

दसरा झाला. तुमचं पत्र खंडेनवमीला मिळालं, तरी ट्रंक भरली. मला फेटा बांधता येत नाही, म्हणून पदर खोचून दरवाज्यात उभी राहिले. गवळी चढले, मोळ्या चढल्या. लष्करची मोटार भगदाडापाशी रिकामी झाली. सूर्य बुडाल्यावर अडसर घातला, डावीकडचा आधी. अम्मानं विचारलं, मी सांगितलं.

मंदाताई बरण्या परत आणून देत होत्या. मी म्हटलं, राहू द्या तुमच्याकडेच, एकटीला लोणचं ते किती लागतं.

ह्यांचं एकच बघा. काल हे नवा कोट घालून पडावावर उभे राहिले असतील, मोटार रिकामी होईपर्यंत. ह्यांना खरं सांगू नका, खोटंही नवं काही सांगू नका. सांगा, वाटेत काही अडचण आली असेल.

कुमुद